घडीव कॉम्प्रेसर पात्यांचे मापन : सीएमएम आणि स्कॅनर यांच्या आकड्यांत फरक का पडतो?

प्रश्न : पाते_तपासनीस

नमस्कार. टायटॅनियमच्या ६-४ मिश्रधातूची, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूची कॉम्प्रेसर पाती आमच्याकडे फोर्जिंगने तयार होतात. पात्याचा वक्र भाग, म्हणजे एअरफॉइल, फोर्जिंगमध्येच जवळजवळ अंतिम मापाला येतो. त्यानंतर त्यावर रासायनिक एचिंग, कडांची सफाई आणि पॉलिशिंग एवढेच होते. मशिनिंग फक्त मुळाचे होते. साहजिकच एअरफॉइलच्या मापात जी चूक दिसते ती थेट साच्याच्या किंवा प्रेसच्या खात्यावर मांडली जाते आणि साचा दुरुस्त करायचा की नाही हा निर्णय आमच्या रिपोर्टवर अवलंबून राहतो.

पाते सुमारे १५० मि.मी. लांब असून कॉर्ड, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी, ४० मि.मी. आहे. ड्रॉइंगवर प्रोफाइलची, म्हणजे छेदाच्या बाह्यरेषेची, टॉलरन्स (मान्य फरकाची मर्यादा) ±०.०८ मि.मी. आणि ट्विस्टची, म्हणजे पात्याच्या पिळाची, ±०.२५ अंश दिली आहे. आम्ही हेच पाते दोन पद्धतींनी मोजतो. सीएमएमवर, म्हणजे पृष्ठभागाला बॉल टेकवून बिंदूंचे त्रिमितीय स्थान नोंदवणाऱ्या यंत्रावर, २ मि.मी. व्यासाच्या रुबी बॉलने ठरावीक उंचींवरचे छेद स्कॅन करतो आणि पाते सहा बिंदूंवर टेकवून धरणाऱ्या फिक्स्चरमध्ये बसवतो. दुसरीकडे निळ्या प्रकाशाच्या स्कॅनरने, पात्यावर पांढरा मॅट स्प्रे मारून, संपूर्ण पृष्ठभागाचे स्कॅनिंग करतो आणि सॉफ्टवेअरमध्ये ते मॉडेलवर बेस्ट फिट करतो, म्हणजे शक्य तितके जुळेल असे सरकवून-फिरवून बसवतो.

अडचण अशी आहे की दोन्ही रिपोर्ट जुळत नाहीत. टोकाजवळच्या छेदांत स्कॅनर सीएमएमपेक्षा सुमारे १० मायक्रॉन जास्त जाडी दाखवतो, तर मुळाजवळच्या सर्वांत खालच्या छेदात उलट होते आणि सीएमएमच सुमारे २० मायक्रॉन जास्त जाडी दाखवते. स्कॅनरच्या रिपोर्टमध्ये बहुतेक पाती प्रोफाइलच्या मर्यादेत बसतात, सीएमएमच्या रिपोर्टमध्ये त्यांतली बरीच कडांपाशी बाहेर जातात. पुढच्या कडेवर सीएमएमचे बिंदू विखुरलेलेही दिसतात. दोन्ही यंत्रांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे वैध आहेत आणि खोलीचे तापमान २० अंशांच्या आसपास राखलेले आहे. अशा वेळी विश्वास कोणावर ठेवावा, आणि मुळाजवळ जाडी जास्त आहे असे साचा विभागाला कळवावे का?

उत्तर : त्रिमिती

तूर्तास साचा विभागाला काहीही कळवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही दिलेल्या माहितीत सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे फरकाचे चिन्ह बदलते. एकाच कारणामुळे फरक पडत असता तर तो सगळीकडे एकाच दिशेने गेला असता. येथे दोन स्वतंत्र कारणे एकमेकांच्या विरुद्ध काम करत असावीत आणि मुळाजवळचे कारण बहुधा बॉलच्या त्रिज्येच्या भरपाईत आहे.

सीएमएम प्रत्यक्षात बॉलच्या केंद्राचा मार्ग नोंदवते. पृष्ठभागाचा बिंदू हा त्या केंद्रापासून त्रिज्येइतके आत येऊन काढलेला बिंदू असतो. ही भरपाई कोणत्या दिशेने केली, हाच कळीचा प्रश्न आहे. अनेक ठिकाणी छेदाचे प्रोग्रॅम द्विमितीय भरपाईवर चालतात, म्हणजे सॉफ्टवेअर छेदाच्या प्रतलातच वक्राला लंब काढते आणि त्या दिशेने त्रिज्या वजा करते. पृष्ठभाग छेदाच्या प्रतलाला काटकोनात असेल तर हे बरोबर आहे. परंतु पृष्ठभाग उंचीच्या दिशेने कललेला असेल तर बॉल छेदाच्या उंचीवर न टेकता थोडा वर किंवा थोडा खाली टेकतो. कलाचा कोन φ आणि बॉलची त्रिज्या r मानली, तर छेदाच्या प्रतलात केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतचे खरे अंतर r भागिले cos φ असते. सॉफ्टवेअर मात्र केवळ r वजा करते आणि बिंदू धातूच्या बाहेर राहतो.

तुमच्या बॉलची त्रिज्या १ मि.मी. आहे. कल १० अंशांचा धरला तर १ भागिले ०.९८४८, वजा १, म्हणजे ०.०१५४ मि.मी.; एका बाजूला सुमारे १५ मायक्रॉन. कल कोणत्याही दिशेचा असला तरी चूक बाहेरच्या बाजूलाच पडते, म्हणून अंतर्वक्र आणि बहिर्वक्र अशा दोन्ही पृष्ठभागांवर मिळून जाडी सुमारे ३० मायक्रॉनने फुगते. टोकाजवळ कल २ अंशांचा असेल तर हीच चूक एका बाजूला अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे नगण्य ठरते. मुळाजवळ फिलेट, म्हणजे एअरफॉइलला मुळाशी जोडणारी गोलाई, सुरू होण्याआधीच पृष्ठभाग वळू लागतो, त्यामुळे ही चूक तिथेच एकवटते आणि ती फोर्जिंगमधल्या दोषासारखी हुबेहूब दिसते. म्हणूनच ती फसवी आहे.

टोकाजवळचे १० मायक्रॉन स्प्रेचे असण्याची दाट शक्यता आहे. टायटॅनियम डायऑक्साइडवर आधारित मॅट स्प्रेचा थर किती जाड बसतो हे पूर्णपणे मारणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. दोन्ही बाजूंना पाच-पाच मायक्रॉनचा थर धरला तरी तुमचे दोन्ही आकडे जुळतात : टोकाला स्कॅनर १० मायक्रॉनने पुढे, आणि मुळाशी सीएमएम ३० वजा १०, म्हणजे २० मायक्रॉनने पुढे. अर्थात हिशेब जुळला म्हणून निदान सिद्ध होत नाही. सीएमएमच्या प्रोग्रॅममध्ये भरपाई मॉडेलच्या त्रिमितीय लंबांवरून होते की नाही ते पाहावे, खालच्या छेदावर मॉडेलवरून कलाचा कोन काढावा, आणि शक्य झाल्यास तोच छेद १ मि.मी. व्यासाच्या बॉलनेही मोजावा. माझे म्हणणे खरे असेल तर बॉल निम्मा करताच चूकही निम्मी होईल.

पुढच्या कडेबद्दल थोडे. तिथली त्रिज्या ०.२ मि.मी.च्या आसपास असेल तर १ मि.मी. त्रिज्येच्या बॉलचे केंद्र १.२ मि.मी. त्रिज्येच्या चापावरून फिरते आणि कडेचा आकार त्यातून गणिताने काढावा लागतो. केंद्राच्या मार्गातला थोडासा थरथराटही लंबाची दिशा बदलतो आणि बिंदू विखुरतात. तिथे बॉल लहान घ्यावा, वेग कमी करावा आणि लंब शेजारच्या बिंदूंवरून न काढता मॉडेलवरून घ्यावेत. स्कॅनरची रेष तिथे गुळगुळीत दिसते म्हणून तोच बरोबर, असे समजू नये. ०.२ मि.मी. त्रिज्येच्या अर्धवर्तुळाची लांबी ०.६३ मि.मी. भरते, बिंदूंतील अंतर ०.०५ मि.मी. असेल तर संपूर्ण कडेवर जेमतेम बारा-तेरा बिंदू येतात, आणि जाळी गुळगुळीत करणारे फिल्टर कडेचे टोक हमखास थोडे खाऊन टाकतात.

उत्तर : साचेघर

वरील विवेचन जाडीपुरते पटण्यासारखे आहे. परंतु स्कॅनरमध्ये पाती पास आणि सीएमएमवर नापास, हा तुमचा दुसरा प्रश्न यंत्रांचा नाहीच. तो अलाइनमेंटचा, म्हणजे पाते मॉडेलशी कसे जुळवले याचा आहे. दोन्ही यंत्रे निर्दोष असती तरी हे रिपोर्ट जुळले नसते.

पात्याच्या एखाद्या छेदात तीन प्रकारच्या चुका एकत्र मिसळलेल्या असतात. छेद आपल्या जागेवरून सरकलेला असतो, तो फिरलेला असतो आणि त्याचा स्वतःचा आकार बिघडलेला असतो. संपूर्ण पाते मॉडेलवर बेस्ट फिट केले की पहिल्या दोन चुकांचा मोठा भाग गणितच गिळून टाकते आणि उरतो तो प्रामुख्याने आकार. प्रत्येक छेद वेगळा फिट केला तर जवळजवळ निव्वळ आकारच उरतो. याउलट सहा बिंदूंच्या फिक्स्चरवर मोजले की तिन्ही चुका एकाच आकड्यात येतात. तुमच्याच ड्रॉइंगवरचे आकडे घेऊ. छेद मध्यावर ०.२५ अंशाने फिरला तर मध्यापासून २० मि.मी. दूर असलेल्या कडेपाशी विचलन सुमारे ०.०८७ मि.मी. होते. म्हणजे ट्विस्टच्या मर्यादेत असलेले पाते केवळ त्या ट्विस्टमुळे ±०.०८ च्या प्रोफाइलमधून बाहेर जाऊ शकते. तुमची पाती कडांपाशीच बाहेर जातात याचे कारण बहुधा हेच आहे.

म्हणून ड्रॉइंग पुन्हा वाचावे. प्रोफाइलच्या चौकटीत डेटमची, म्हणजे माप ज्यांच्या संदर्भाने घ्यायचे त्यांची, अक्षरे आहेत का? आयएसओ ११०१ प्रमाणे डेटम नसलेली प्रोफाइल टॉलरन्स फक्त आकारावर बंधन घालते आणि तिथे फिट करणे योग्य आहे. डेटम असतील तर स्थान आणि कोनही त्याच पट्ट्यात बसले पाहिजेत. ट्विस्टची टॉलरन्स वेगळी दिलेली आहे त्यावरून आराखडा करणाऱ्याला छेदाचा आकार फिटनंतर तपासायचा होता असे वाटते. पण वाटण्यावर पाती पास करता येत नाहीत, ग्राहकाकडून हे लेखी घ्यावे. फिट कोणता, हेही त्यात यावे. लीस्ट स्क्वेअर फिट चूक सगळीकडे वाटतो, मिनिमॅक्स फिट सर्वांत मोठे विचलन शक्य तितके कमी करतो. सीमेवरचे पाते एकात पास आणि दुसऱ्यात नापास होते.

सहा बिंदूंच्या फिक्स्चरचीही एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. मूळ अजून मशिन झालेले नसल्यामुळे हे बिंदू एअरफॉइलवरच, म्हणजे मोजायच्या पृष्ठभागावरच असतात. अंतर्वक्र बाजूच्या ज्या दोन बिंदूंवर पाते आडवे टेकते त्यांत २५ मि.मी. अंतर असेल आणि त्यांतल्या एका बिंदूखाली काचेच्या वंगणाचा अवशेष किंवा २० मायक्रॉनचा उंचवटा असेल, तर संपूर्ण पाते ०.०४६ अंशाने फिरून बसते. ट्विस्टच्या एका बाजूच्या मर्यादेचा हा जवळजवळ पाचवा भाग झाला, आणि तोही पात्याचा ट्विस्ट तसूभरही बदललेला नसताना! त्या सहा जागा पुसून, भिंगाखाली पाहूनच पाते ठेवावे. क्लॅम्प आवळताना मागच्या कडेवर डायल लावून बघावे. काटा हलला तर पाते वाकते आहे आणि मोकळ्या अवस्थेतले माप मिळत नाही.

साचा विभागात बसणारा माणूस म्हणून एक विनंती करतो. आम्हाला जाडीचा एकच आकडा पाठवू नका. अंतर्वक्र आणि बहिर्वक्र बाजूंचे विचलन वेगवेगळे, आणि तेही सर्व छेदांचे पाठवा. दोन्ही बाजूंना, सर्व छेदांत, सारखीच जादा जाडी दिसली तर साचे पूर्ण बंद होत नाहीत असे आम्ही समजतो आणि प्रेसचा जोर, फोर्जिंगचे तापमान, फ्लॅशची, म्हणजे साच्यांच्या फटीतून बाहेर आलेल्या जादा धातूची, जाडी यांकडे वळतो. एक बाजू दुसरीच्या तुलनेत कॉर्डच्या दिशेने सरकलेली असेल तर वरचा आणि खालचा साचा एकमेकांसमोर नीट आलेला नाही. दोन्ही बाजू मिळून फिरल्या असतील, जाडी मात्र बरोबर असेल, तर साच्याचा दोष शेवटी शोधावा. गरम असतानाचे फ्लॅश ट्रिमिंग आणि उष्णतोपचारातला बाक यांकडे आधी पाहावे. सगळीकडे सारखीच कमी जाडी असेल तर एचिंगच्या टाकीत पाते जास्त वेळ राहिले असावे. आणि फक्त एका छेदात, फक्त मुळाशी, दोन्ही बाजूंना सारखीच वाढ असेल तर मी स्वतः आधी मापनकक्षात फोन करतो, कारण साचा इतका सुबक झिजत नाही.

पाते_तपासनीस

दोघांचेही मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे तपासणी केली. सीएमएमच्या प्रोग्रॅममध्ये भरपाई छेदाच्या प्रतलातच होत होती. मॉडेलवरून पाहिले असता खालच्या छेदावर पृष्ठभागाचा कल दोन्ही बाजूंना ९ ते ११ अंश भरला. त्रिमितीय लंबांवरून भरपाई केल्यावर मुळाजवळची जादा जाडी नाहीशी झाली आणि आता स्कॅनर सर्व छेदांत, मुळापासून टोकापर्यंत, सीएमएमपेक्षा ८ ते १२ मायक्रॉन जास्त जाडी दाखवतो. १ मि.मी. व्यासाच्या बॉलने घेतलेले माप नव्या भरपाईशी जुळते.

प्रोफाइलसंबंधी ग्राहकाकडे लेखी विचारणा केली आहे. दरम्यान सीएमएमच्याच बिंदूंवर प्रत्येक छेद फिट करून पाहिला, तर सीएमएमवर नापास झालेली बहुतेक पाती मर्यादेत येतात आणि त्यांचा ट्विस्टही ०.२५ अंशाच्या आत आहे.

आता दोन शंका उरतात. स्प्रेचा थर सरळ वजा करावा का? आणि सीमेवरच्या पात्यांबाबत यंत्राच्या प्रमाणपत्रावरील अचूकता हीच आमच्या मापाची अनिश्चितता धरावी का? आमच्या गेज आर अँड आरचा, म्हणजे तेच माप पुन्हा पुन्हा आणि वेगवेगळ्या ऑपरेटरांनी घेतल्यावर किती बदलते या चाचणीचा, निकाल १० टक्क्यांच्या आत आहे, म्हणून विचारतो.

उत्तर : अनिश्चितता

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते नकारार्थी आहे. आयएसओ १०३६० प्रमाणे दिलेली सीएमएमची मर्यादा ही गेज ब्लॉकसारख्या प्रमाणित लांबीच्या वस्तूंवर तपासलेली असते. पिळलेल्या, पातळ, तीक्ष्ण कडांच्या पात्यावर लंबाची दिशा, फिक्स्चर, फिटचे गणित आणि छेदाची उंची या सगळ्यांचा वाटा त्या आकड्यात येत नाही. छेदाच्या उंचीचे उदाहरण घ्या. १०० मि.मी. उंचीत पाते ३० अंश पिळलेले असेल, तर छेद ०.१ मि.मी. वर घेतल्याने ट्विस्टमध्ये ०.०३ अंशाची आणि कडेपाशी १० मायक्रॉनची चूक दिसते. यंत्र त्या वेळी आपल्या प्रमाणपत्रानुसार अगदी बरोबर चाललेले असते.

गेज आर अँड आरवरही इथे विसंबता येणार नाही. १० टक्क्यांच्या आत उत्तम, ३० टक्क्यांच्या वर अग्राह्य, हा प्रचलित निकष मापांचा विखुरलेपणा सांगतो. मापांचा कायमचा झुकाव सांगत नाही. तुमच्या द्विमितीय भरपाईची चूक प्रत्येक ऑपरेटरकडून, प्रत्येक वेळी, तितकीच होत होती. अशी चूक आर अँड आरमधून सहीसलामत निसटते.

यावर खात्रीचा मार्ग म्हणजे आयएसओ १५५३० मालिकेतील भाग ३ मध्ये सांगितलेली पद्धत. याच मिश्रधातूचे, याच आकाराचे आणि अशाच पृष्ठभागाचे एक पाते मास्टर म्हणून अधिक अचूक प्रयोगशाळेत कॅलिब्रेट करून घ्यावे आणि ते आपल्याच प्रोग्रॅमने, आपल्याच फिक्स्चरमध्ये, वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक वेळी काढून पुन्हा बसवून मोजावे. सरासरी आणि कॅलिब्रेटेड मूल्य यांतला फरक म्हणजे झुकाव, आणि मापांचा पसारा हा अनिश्चिततेचा एक घटक. त्यात मास्टरच्या कॅलिब्रेशनची आणि पात्या-पात्यांतील फरकाची अनिश्चितता मिळवावी. जाडी, ट्विस्ट आणि कडेची त्रिज्या यांची अनिश्चितता वेगवेगळी निघेल, आणि ती तशीच वेगळी लिहावी. कडेची सर्वांत वाईट निघाली तर आश्चर्य मानू नये.

सीमेवरच्या पात्यांसाठी आयएसओ १४२५३ च्या भाग १ मधील तत्त्व असे आहे की अनिश्चितता सिद्ध करणाऱ्याच्या विरोधात जाते. पुरवठादार म्हणून पाते योग्य आहे असे तुम्ही म्हणत असाल तर टॉलरन्सचा पट्टा अनिश्चिततेने आत घ्यावा लागतो. ग्राहक नाकारत असेल तर त्याला तो बाहेर ढकलावा लागतो. करारात वेगळा नियम ठरला असेल तर तोच लागू.

स्प्रेबाबत : ८ ते १२ असा पसारा असताना १० सरळ वजा करण्यास माझी हरकत नाही, परंतु तो आकडा पात्यांवरच्या तुलनेतून घेऊ नये. तसे केले तर स्कॅनरला सीएमएमचाच आरसा बनवल्यासारखे होईल आणि स्कॅनरची स्वतःची चूकही स्प्रेच्या नावावर खपेल. एक सपाट, घासलेला ब्लॉक अर्धा झाकून स्प्रे मारावा आणि झाकण काढून दोन्ही अर्ध्यांतली पायरी मोजावी; तोच ऑपरेटर, तेच अंतर, तितकेच हात. निरनिराळ्या ऑपरेटरांच्या पायऱ्यांत मोठा फरक आढळला तर वजाबाकीचा नाद सोडून पातळ थर देणारा, आपोआप उडून जाणारा स्प्रे वापरावा. शिवाय पात्याच्या दोन बाजू स्कॅनर वेगवेगळ्या दिशांनी पाहतो आणि त्या पातळ कडेवरून जोडतो. ही जोड चुकली तर चूक सरळ जाडीत उतरते, म्हणून फिक्स्चरवर संदर्भगोल किंवा मार्कर लावून जोड त्यांच्यावरून करावी. ८ ते १२ मायक्रॉनमध्ये या जोडीचाही वाटा असू शकतो.

तापमानाचा उल्लेख तुम्ही केला आहे म्हणून : या मिश्रधातूचा प्रसरणांक सुमारे ८.६ दशलक्षांश प्रति अंश आहे. १५० मि.मी. लांबीवर ५ अंशांच्या फरकाने साडेसहा मायक्रॉन होतात, जाडीवर तर त्याचा परिणाम मायक्रॉनच्या अंशाइतकाच. तुमच्या प्रश्नात तापमान दोषी नाही.

साचेघर

स्प्रेच्या पायरीत एक भर. पॉलिश केलेल्या ब्लॉकवर आणि एचिंग झालेल्या टायटॅनियमवर थर सारखा बसेलच असे नाही, म्हणून नाकारलेल्या पात्याच्या मुळाचा सपाट भाग एच करून तोच ब्लॉक म्हणून वापरावा. आणि आधी गेलेल्या रिपोर्टवरून मुळाजवळ साचा घासण्याची ऑर्डर निघाली असेल तर ती आजच थांबवावी. साच्यातून धातू काढला की पाते तिथे जाड होते, त्यामुळे पाते बारीक करायचे तर साच्यावर वेल्डिंग करून तो भाग पुन्हा कापावा लागतो किंवा साचाच नव्याने कापावा लागतो. त्या कामानंतर जुनी स्थिती परत आणता येत नाही. ग्राहकाचे लेखी उत्तर आले की प्रोफाइलचा मुद्दा याच धाग्यावर मांडावा. कॉर्डची आणि कडेच्या जाडीची मापे त्याच फिटवर घ्यायची की फिक्स्चरवर, हे त्यावरून ठरवावे लागेल.